भट्टीत उगवणारा पांढरा

एनॅमलच्या मगाला, फ्रीजच्या जुन्या दाराला शुभ्रपणा देणारा हा गृहस्थ स्वतः कधीच दिसत नाही. नाव अॅनाटेज, कूळ टायटॅनियम डायऑक्साइडचं, अंगकाठी मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागाएवढी.

या धंद्यात तो रुळला 1940च्या दशकात. एनॅमल म्हणजे पत्र्यावर भाजलेला काचेचा लेप; त्याआधी या काचेत कथिलाचं ऑक्साइड दळताना मिसळत; भाजून झालं तरी ते बहुतांशी न विरघळता काचेत राही. अॅनाटेज मात्र काचेच्याच पोटी जन्मतो. 1,200 अंश सेल्सियसच्या वर वितळलेल्या काचेत टायटॅनियम पुरतं विरघळतं, आणि तो रस पाण्यात ओतून एकदम गार करतात. सावकाश निवलेलं तूप रवाळ होतं; इथे रवा धरायला सवडच ठेवत नाहीत. ही काच दळून, पत्र्यावर फवारून 800 अंशांच्या आसपास भाजली, की ती मऊ पडते, अडकलेल्या टायटॅनियमला हलायला वाव मिळतो आणि काही मिनिटांत अॅनाटेजचे असंख्य स्फटिक उगवतात.

प्रकाश वळवण्याची त्याची ताकद भोवतालच्या काचेहून कितीतरी जास्त: अपवर्तनांक काचेचा दीडच्या आसपास, याचा अडीच. त्यात आकार प्रकाशाच्या तरंगलांबीच्या निम्म्याच्या आसपास. आत शिरलेला किरण स्फटिकास्फटिकाशी वळत माघारी येतो. खाली कोबाल्टमुळे काळपट झालेला अस्तराचा थर असतो, तोही पातळशा लेपाखाली झाकून जातो. लेप पातळ असला की टवकाही कमी उडतो. एवढ्याशा देहाचं हे काम मला थोर वाटतं.

त्याचा भाऊ रुटाइल अधिक स्थिर आणि प्रकाश वळवण्यात त्याच्याहूनही बलवान. पण तो जांभळा-निळा प्रकाश थोडा गिळतो आणि भांडं पिवळसर दिसू लागतं. अॅनाटेजची झाक निळसर, डोळ्याला स्वच्छ वाटणारी. पंचाईत अशी, की भट्टी जास्त तापली किंवा वेळ लांबला तर अॅनाटेजच रुटाइल होऊ लागतो. स्फटिक फुगतात, निळी झाक जाते. कमी स्थिर रूप आधी जन्मतं, हा रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्डने 1897 मध्ये मांडलेला नियम इथे ऐन भट्टीत दिसतो. म्हणून काचेच्या घाण्यात थोडं फॉस्फरसचं ऑक्साइड घालतात. त्यामुळे अॅनाटेज अधिक काळ अॅनाटेजच राहतो आणि भट्टीवाल्याला थोडी उसंत मिळते.