दहास त्रेचाळीस, की अकरास?

गुणोत्तर शिकवताना मी मुलांना दूध-पाण्याची उदाहरणे घालतो. गेल्या मे महिन्यात शेफील्डला भाच्याकडे गेलो, तेव्हा एका गुणोत्तरापायी घरात आठ दिवस खल चाललेला पाहिला.

भाच्याजवळ १९५७ सालची एमजी-ए मोटार आहे. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला १९५५ पासून १९६२ पर्यंत ह्या गाड्या होत. दोघांपुरती, बुटकी, देखणी. इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या टोकाचे लहान दातेरी चाक मागच्या आसावरचे मोठे चाक फिरवते. आपले मिस्त्री ह्या जोडीला क्राउन-पिनियन म्हणतात. इथे लहानाला दात १०, मोठ्याला ४३. म्हणजे रस्त्यावरचे चाक एकदा फिरायला दांडा ४.३ वेळा फिरायचा. (चाळीसच का नाहीत? तसे असते तर ठराविक दातच पुन्हा पुन्हा भेटून झिजले असते. त्रेचाळिसांमुळे प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडते. माझ्या वर्गातली बाके अशा माणसाकडून मांडून घ्यावीत!)

१९६२ मध्ये निघालेल्या एमजीबीत हीच जोडी ११ आणि ४३ अशी आली, म्हणजे ३.९. तिच्या सुरुवातीच्या वर्षांतला गोळा एमजी-एला थोड्या खटपटीने बसतो. तसा एक भाच्याने मिळवून ठेवला होता. बसवावा की नाही, एवढाच प्रश्न.

बसवला तर मोटारमार्गावर ताशी सत्तर मैलांना इंजिनाचे मिनिटाचे फेरे ४१०० वरून ३७५० च्या आसपास येतात. पण चाकाला मिळणारा जोर शंभरात नऊने घटतो. आणि शेफील्डच्या पश्चिमेला तर डोंगरच डोंगर! कॅसलटनजवळच्या विनॅट्स खिंडीत पाचास एक असा चढ आहे.

“मामा, तुम्ही सांगा,” भाचा म्हणाला.

मी निःसंशय डोंगराच्या बाजूचा. असली गाडी घेऊन ट्रकांच्या रांगेत धावायचे, म्हणजे पैठणी नेसून भांडी घासायची!

पण ह्या हिशेबात अक्का होती. माझी थोरली बहीण, त्याची आई. मेहुणे गेल्यापासून ती तिथेच असते. दिवसभर मराठी बोलायला कोणी नाही. सूनबाई परिचारिका, रविवारी घरची दुसरी मोटार तिच्याकडे. म्हणून ह्याच गाडीतून भाचा आईला लीड्सला मैत्रिणीकडे नेतो. मायलेकांच्या बोलण्याची आठवड्यातली वेळ काय ती तेवढीच. अक्काला उजव्या कानाने कमी ऐकू येते, आणि तिकडेही हाकणारा उजवीकडेच बसतो. इंजिनाच्या गुरगुरीत ती दहा मिनिटे ओरडून बोले, मग गप्प होई.

हे सांगताना भाचा माझ्याकडे पाहत नव्हता. मी डोंगराची वकिली आवरती घेतली.

शनिवारी गोळा बदलला. रविवारी दोघे गेले. तिसऱ्याला जागाच नाही, तेव्हा मी घरी. आवाज काही जादूने नाहीसा झाला नव्हता, पण आजोळच्या जमिनीचा वाद अक्काने घरापासून काढला तो लीड्स येईपर्यंत पुरला म्हणे. वेगाचा काटा मात्र अजून जुन्याच दातांचा हिशेब करतो. तो नीट करून घ्यायचा आहे. गाडी सत्तरने धावत असता तो चौसष्ट दाखवी. अक्काने तो वाचला.

“अरे, एवढी खटपट केलीस, आणि धावते कमीच की! बरे, मी कुठे होते? हां, विहिरीच्या वाट्याशी...”