रिव्हर्स घेताना

अगदी अलीकडेपर्यंत माझं ठाम मत होतं : ज्याचा सिबिल चांगला, त्याला गाडीचा विमा स्वस्त मिळालाच पाहिजे. हिंगोलीत चहाच्या टपरीवर असो की लग्नाच्या पंगतीत, हे मी ऐकवायचोच. 300 ते 900 च्या मापात माझा स्कोअर 804. तो विचारायची कुणाला गरज पडत नसे, मीच सांगायचो.

हे खूळ भाच्यानं डोक्यात घातलं. तो तेव्हा टेक्ससमध्ये नोकरीला होता. तिथं विमा कंपन्या गाडीमालकाची पत बघून हप्ता ठरवतात, हे त्यानं फोनवर सांगितलं आणि मला वाटलं, याला म्हणतात शिस्तीची कदर!

मग एका संध्याकाळी रिव्हर्स घेताना मी गाडी स्वतःच्याच फाटकाच्या खांबावर घातली. मागचा बंपर गेला, दिवा फुटला. खर्च 9 हजार. खिशातून देता आला असता, पण विमा कशासाठी काढलाय म्हणून क्लेम केला. नूतनीकरणाच्या वेळी एजंटानं कागद पुढं सरकवला. पाच वर्षांत साठवलेला 50 टक्के नो क्लेम बोनस शून्य झाला होता. मी 804 चा आकडा काढला. त्यानं शांतपणे सांगितलं, ‘‘सर, अर्जात सिबिलचा रकानाच नाही.’’

मग त्यानं हिशेब समजावला. थर्ड पार्टीचा दर सरकारच ठरवतं. 1000 ते 1500 सीसीच्या खासगी मोटारीला 1 जून 2022 पासून 3416 रुपये, मालक सावकार असो की कर्जबाजारी. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता गाडीची किंमत, वय, इंजिन आणि नोंदणीचं ठिकाण यांवर. सवलत मिळते ती क्लेम न करण्याची : पहिल्या वर्षी 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि 50.

त्याच आठवड्यात सेनगाव तालुक्यातला माझा मेहुणा हळद घेऊन मोंढ्यात आला होता. त्याची जुनी अल्टो. ओसरीवर त्याची पॉलिसी माझ्या पॉलिसीशेजारी ठेवली. त्याच्या कागदावर नो क्लेम बोनस 50 टक्के. मुदत संपल्यावर 90 दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर हा बोनस बुडतो; त्यानं एकदाही तारीख चुकवलेली नाही. आणि सिबिल? दोन वर्षं पीक हातचं गेलं, पीककर्ज थकलं, शेवटी बँकेशी एकरकमी तडजोड केली. अहवालात कर्जापुढं ‘सेटल्ड’ असा शेरा बसला आणि स्कोअर कोसळला.

मी माझा सिद्धांत त्यालाही ऐकवला. तो हसला. ‘‘दाजी, पाऊस नाही पडला तं गाडी काय वाकडी चालती व्हय?’’

उत्तर सुचलं नाही. हळद जूनमध्ये लावायची, नऊ महिन्यांनी खणायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, मग भाव मिळेल तो घ्यायचा. माझा पगार मात्र दर महिन्याला खात्यात यायचा आणि कर्जाचा हप्ता आपोआप कापला जायचा. ज्याला मी शिस्त म्हणत होतो, त्यातलं माझं कर्तृत्व एका फॉर्मवर सही करण्याएवढं!

दुसरी बाजूही सांगायला हवी. कमी स्कोअरवाल्यांचे क्लेम सरासरीनं जास्त येतात, हे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं 2007 च्या अहवालात मान्य केलं आहे. पण सरासरी एखाद्या माणसाचा हात कसा आहे हे सांगत नाही. कॅलिफोर्निया, हवाई आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांत गाडीच्या विम्यासाठी ही पत बघायला मनाईच आहे. भाचा आता कॅलिफोर्नियात राहतो. तिथं त्याला कुणी स्कोअर विचारला नाही.

सिबिल वाईट, असं माझं म्हणणं नाही. गाडीसाठी कर्ज मागायला गेलो तर बँकेनं तो जरूर बघावा. प्रश्न परतफेडीचा आहे. पण विमा स्टिअरिंगवरच्या हाताचा. तो हात ओळखायचा, तर मेहुण्याचा कागद माझ्या स्कोअरपेक्षा खरा बोलतो.

आता टपरीवर मी आकडा सांगत नाही. या वर्षी नीट चालवली, तर पुढच्या नूतनीकरणाला मला 20 टक्के मिळतील. मेहुण्याचे 50 गाठायला अजून पाच वर्षं आहेत.