पारावरची तालीम

गगनबावड्याकडून पाऊस आत आला की आठ-आठ दिवस सूर्याचं तोंड दिसत नाही. भाताची रोपलावण उरकलेली असते. गोठ्यात म्हशी रवंथ करत उभ्या असतात, सोप्यातल्या वळणीवर घोंगडी निथळत असतात, आणि जूनपासून चिखलात राबलेल्या हातांना चार दिवस उसंत मिळते. कोल्हापूरची कीर्ती आवाजाची आहे. खासबागेच्या कुस्ती मैदानातली हलगी, फुटबॉलच्या मैदानावरचा पेठांचा गलका, शड्डू ठोकल्याचा घुमारा. पण याच जिल्ह्याच्या डोंगराकडच्या गावांत पावसाबरोबर एक मुकी तालीमही भरते. ती देवळाच्या ओवरीत भरते, पारावर भरते, सोप्याच्या जमिनीवर भरते. तिला कोळशाचा एक तुकडा आणि मूठभर चिंचोके पुरतात.

कोळशानं एकात एक तीन चौकोन काढायचे, बाजूंचे मध्य रेघांनी जोडायचे, की नवकंकरीचा पट तयार. चोवीस जागा. एकाकडे नऊ चिंचोके, दुसऱ्याकडे नऊ खडे. आपले तीन एका रेघेत आले की समोरच्याचा एक उचलायचा. आळीपाळीनं खडे मांडून झाले की मग ते सरकवायचे, आणि खरा कस तिथून लागतो. एकच खडा मागं घेऊन पुन्हा पुढं सरकवला की दर वेळी रांग जुळते, अशी जागा ज्यानं साधली त्याच्यापुढं समोरचा हळूहळू रिकामा होत जातो. हा खेळ जगभर खेळला गेला आहे. १९९३ मध्ये राल्फ गासर या संशोधकानं संगणकाच्या मदतीनं तो तळापर्यंत उकलला आणि दाखवून दिलं, की दोघंही बिनचूक खेळले तर डाव बरोबरीतच सुटतो. म्हणजे इथं जो हरतो तो कुठंतरी घाई केल्यामुळे हरतो. पारावरच्या म्हाताऱ्यांना हे सिद्ध करावं लागलं नव्हतं. पोरानं खडा उचलला की ते एवढंच म्हणायचे, ‘‘दमानं घे, बाळ.’’

वाघ-शेळीचा पट याहून बोलका. वाघ थोडे, शेळ्या पुष्कळ. शेळीच्या पलीकडची जागा मोकळी असेल तर वाघ उडी मारून तिला खातो. सगळ्या शेळ्यांनी मिळून वाघांची वाट अडवली की वाघ हरतात. शेळ्यांच्या बाजूनं खेळणाऱ्या पोराला दोन-चार डावांतच उमगतं, की एकटी पुढं गेलेली शेळी वाचत नाही आणि पाठीला पाठ लावून उभ्या राहिलेल्या शेळ्यांवरून उडी मारता येत नाही. हे त्याला कुणी सांगत नाही. त्याचं त्याला दिसतं, म्हणून ते त्याच्याजवळ राहतं. महाराष्ट्रातल्या जुन्या देवळांच्या आणि लेण्यांच्या फरशीवर असे पट दगडात कोरलेले आढळतात. कुणीतरी छिन्नी घेऊन बसलं होतं, इतकी या शांत खेळांची ओढ होती.

रात्री चुलीपुढं हुमानं, म्हणजे कोडी, घातली जात. त्यांतलं नावेचं कोडं मला सर्वांत प्रिय आहे. पंचगंगेला पूर आलाय, काठावर माणूस उभा आहे, त्याच्याजवळ वाघ, शेळी आणि गवताचा भारा. नावेत एका वेळी एकच न्यायचं. वाघ-शेळी एकत्र सोडता येत नाहीत, शेळी-गवतही नाही. लहानपणी मी शेळी आधी पलीकडं नेत असे आणि पुढं अडकून पडत असे. आजी ऊनऊन भाकरी थापत राहायची, उत्तर मात्र द्यायची नाही. वाघ पलीकडं नेल्यावर शेळीला पुन्हा अलीकडं आणायचं, यात सगळी किल्ली आहे. पलीकडं जायचं असेल तर नेलेलं परतही आणावं लागतं, हे मनाला पटत नाही, आणि ते पटण्यालाच सुटणं म्हणतात. युरोपात हेच कोडं लांडगा, बोकड आणि कोबी घेऊन हजार वर्षांहून जास्त काळ सांगितलं जात आलं आहे.

आता गावात कोडी वर्तमानपत्रातून येतात. दूध संस्थेच्या कट्ट्यावर एकाच शब्दकोड्यात तीन-चार जणांची अक्षरं दिसतात. ऊस पट्ट्यात विजेची पाळी अनेकदा रात्रीची असते. शेतकरी दारं धरायला जातो, पाणी सरीच्या टोकाला पोचेपर्यंत बांधावर थांबतो, आणि बॅटरीच्या उजेडात सुडोकू सोडवतो. हे कोडं अमेरिकेच्या हॉवर्ड गार्न्सनं रचलं, ते १९७९ मध्ये छापलं गेलं, जपाननं त्याला नाव दिलं आणि २००४ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मधून ते जगभर पसरलं. त्यात आकडे आहेत, पण बेरीज-वजाबाकी नाही. लागतं ते फक्त ‘इथं हा नाही, म्हणून तिथं तो’ एवढं. म्हणूनच चौथीत शाळा सुटलेली माझी एक चुलती पदवीधर पोरांच्या आधी चौकट भरते. शाळेनं तिची बुद्धी कधी मोजलीच नव्हती. त्या चौकटीनं ती तिला स्वतःला दाखवली.

कोड्यानं माणूस घडतो, याची साक्ष कोल्हापूरच्याच मातीत आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचा जन्म इथला, १९ जुलै १९३८ चा. त्यांचं बालपण बनारसला गेलं. गणित शिकायला तिथं आलेले त्यांचे मामा मोरेश्वर हुजुरबाजार घरातल्या फळ्यावर भाच्यासाठी एखादं अवघड गणित लिहून ठेवत. भाचा ते सोडवेपर्यंत किंवा हार मानेपर्यंत ते पुसलं जात नसे. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रात नारळीकरांनी ही आठवण कृतज्ञतेनं लिहिली आहे.

आणि नाशिककडच्या देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर! सगळे अंक सारखे नसतील अशी कुठलीही चार अंकी संख्या घ्या, समजा ३५२४. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं मांडून वजाबाकी करा : ५४३२ वजा २३४५, म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. इथून पुढं किती वेळा केलं तरी ६१७४च येतं, आणि कुठूनही निघालात तरी फार तर सात पायऱ्यांत तिथंच पोचता. १९४९ मध्ये सापडलेली ही संख्या आज जगात कापरेकरांच्या नावानं ओळखली जाते. त्यासाठी प्रयोगशाळा लागली नाही. कागद, पेन्सिल आणि निवांतपणा पुरला.

हा निवांतपणा गावांकडं अजून आहे. पाऊस आहे, सरीच्या टोकाकडं सावकाश जाणारं पाणी आहे, विजेविनाच्या संध्याकाळी आहेत. त्या वेळाला ‘रिकामा’ म्हणून हिणवू नका आणि तो सगळा मोबाइलच्या हवाली करू नका. घरातल्या पोराला एक हुमान घाला, जमिनीवर एक पट आखून द्या. ते अडेल, चिडेल, तुमच्या मागं लागेल. तरी उत्तर सांगू नका. दोन दिवस लागले तर लागू देत, कारण स्वतः सोडवल्याचा आनंद त्याला दुसरं कुणीही देऊ शकणार नाही.