बुणग्यांची बाजू

पानिपतावर मराठे का हरले, याचं उत्तर माझ्याकडे शाळेपासून तयार होतं: लढायला निघालेल्या फौजेनं बायकापोरं, यात्रेकरू आणि बाजारबुणगे बरोबर घेतले. शिवछत्रपतींच्या लष्करात बायकांना मज्जाव होता, पेशवाईत ती शिस्त मोडली आणि तिथंच घात झाला. पोटापाण्यासाठी पानिपतात आल्यावर महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना मी काला आम या लढाईच्या स्मारकावर न्यायचो आणि हेच ऐकवायचो. पाहुण्यांनाही ते पटायचं, कारण तेही हेच ऐकत वाढलेले. आता मी तसं सांगत नाही.

मत पालटायला माझा धंदा कारणीभूत झाला. पानिपत ही घोंगड्यांची पेठ. परदेशातून गठ्ठ्यांनी येणारे जुने लोकरी कपडे इथं पिंजले जातात, त्यांचं सूत होतं आणि त्या सुताच्या घोंगड्या लष्करी बराकींपासून पूरग्रस्तांच्या छावण्यांपर्यंत जातात. अशा मालाचे हिशेब लिहिणाऱ्याला एक खोड लागते. समोर शिपाई दिसला की त्याच्यामागची माणसं मोजावीशी वाटतात.

ही खोड घेऊन मी काशीराज पंडिताची हकिकत वाचायला बसलो. अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरचा हा माणूस लढाईच्या वेळी अफगाण बादशहा अहमदशाह अब्दालीच्या गोटात होता. पुढं १७८० मध्ये त्यानं जे पाहिलं ते फारसीत लिहून ठेवलं. त्यात मला तलवारींपेक्षा वैरण जास्त दिसली. घोड्याला रोज दहा किलो चारा धरा आणि मराठी फौजेचे सेनापती सदाशिवराव भाऊसाहेबांच्या तळावर चाळीस हजारच घोडी धरा, तरी दिवसाला चारशे टन होतात. हे गवत कापायचं कुणी? शिलेदार विळा घेऊन जात नव्हता. बुणगे जात होते. तळाभोवती अब्दालीचा वेढा आवळल्यावर दिवसा बाहेर पडणं अशक्य झालं, तेव्हा ते रात्री लाकूडफाट्याला आणि गवताला निघू लागले. अशाच एका रात्री अफगाण घोडेस्वारांनी त्यांना गाठून हजारोंनी कापून काढल्याचं काशीराज सांगतो. आपण ज्यांना ओझं म्हणतो, ते फौजेच्या घोड्यांसाठी मेले.

मग बाकीचा घटनाक्रमही मी नव्यानं लावू लागलो. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊंनी कुंजपुरा घेतला, तिथं धान्य मिळालं. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि दिल्लीची वाट बंद झाली. दुआबात अब्दालीची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. दिल्लीहून निघालेला खजिना वाट चुकून शत्रूच्या हाती पडला. शेवटी शिल्लक दाण्यांवर तळानं एकदा पोटभर जेवून घेतलं आणि १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी फौज बाहेर पडली. तोंडं जास्त होती म्हणून धान्य लवकर संपलं, हे खरंच. पण वाट बंद झाल्यावर निम्म्या तोंडांनीही ते संपलंच असतं, फार तर काही दिवस उशिरा.

आणि ही तोंडं आली कशी? खोगिराला चण्याची पिशवी बांधून दौडणाऱ्या स्वाराला बाजार लागत नव्हता. भाऊ मात्र इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि कवायती पायदळ घेऊन निघाले होते. तोफेला बैल, बैलांना गाडीवान, गाडीला सुतार-लोहार, दारूगोळ्याला हमाल, आणि या सगळ्यांना वाणी, भिस्ती, धान्याचे तांडे हाकणारे लमाण. नवी लढाई हवी आणि बुणगे नकोत, हा सौदा भाऊंनाच काय, कुणालाच जमला नसता.

या भिस्त्यांतलाच एक राणेखान. पळापळीत पायाला जबर जखम झालेल्या महादजी शिंद्यांना त्यानं बैलावर घालून दक्षिणेच्या वाटेला लावलं. महादजींनी त्याला जन्मभर भाऊ मानला. उत्तरेत मराठ्यांचा जरीपटका पुन्हा रोवणारा माणूस एका पाणक्यानं वाचवला, हे मी पाहुण्यांना सांगत नव्हतो. माझ्या जुन्या उत्तरात ते बसत नव्हतं.

यात्रेकरूंबद्दल मात्र माझं मन अजून एका बाजूला झुकत नाही. विशीच्या आतले नाना फडणवीस आई आणि बायकोसह या स्वारीत होते. आई त्या गर्दीत गेली, बायको वाचली, आणि नानांनी ते स्वतःच्या आत्मचरित्रात लिहिलं. कुटुंबं आणि जड सामान मागं ठेवा, असा सल्ला सूरजमल जाटानं दिल्याचं बखरी सांगतात. तो ऐकायला हवा होता, असं मला आजही वाटतं. पण तो न ऐकण्याचा निर्णय डेऱ्यातल्या सरदारांचा होता. पोरं कडेवर घेऊन चाललेल्या बायकांना कुणी मसलतीला बोलावलं नव्हतं. पराभवानंतर ज्या पानिपत गावात त्यांनी आसरा शोधला, तिथं पुरुषांची कत्तल झाली आणि बायकामुलांना गुलाम म्हणून नेलं गेलं. जे निसटून भरतपूरच्या मुलखात पोचले, त्यांना अन्नवस्त्र दिलं ते त्याच सूरजमलनं.

भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पुण्याला परतल्या, पण भाऊंचा मृत्यू त्यांनी मानला नाही. पुढं भाऊंचा तोतया उभा राहिला आणि राज्याला कितीतरी वर्षं पुरला. गेलेल्या माणसाची खात्रीची खबर नाही, म्हणून बांगड्या फोडायच्या की नाहीत हे ठरत नाही, अशी घरं त्या काळी शेकड्यांनी असणार. त्या घरांचा रोष सरदारांपर्यंत कधी पोचला नाही. आपण मात्र अडीचशे वर्षं सगळा दोष बुणग्यांच्या माथी मारत आलो, कारण त्यांच्या बाजूनं भांडायला कुणी वंशज उभा राहत नाही.

दर १४ जानेवारीला काला आमला लोक जमतात. आपण इथल्याच मराठ्यांचे वंशज असल्याचं सांगणारे हरियाणातले रोड मराठेही येतात. सरदारांचा जयजयकार होतो, तो व्हावाच. पण आता कुणी पाहुण्यानं "बायकापोरं नेली म्हणून हरलो" म्हटलं, की मी त्याला आधी चाऱ्याचा हिशेब विचारतो. उत्तर आलं तर पुढं वाद घालायला मी तयार आहे.