सुताची हवा

यंदा एप्रिलात आमच्याकडे एसी बसला. मुलगा दोन वर्षं मागे लागला होता, "आई, भिवंडीचा उन्हाळा आता तुला झेपणार नाही." मी "बघू, बघू" म्हणत राहिले. शेवटी त्याने मला न विचारताच मागवला आणि एक भलंमोठं खोकं दारात येऊन पडलं. खोक्यावर नाव होतं, व्होल्टास.

मशीन बसवायला आलेल्या माणसाने चपला काढल्या आणि वाकून नमस्कारच केला. "बाई, ओळखलंत का? पद्मानगरचा." थोडा वेळ लागला, पण ओळखलं. घरी तेलुगू, शाळेत मराठी बोलणारा, आठवीपर्यंत माझ्या वर्गात होता. आता त्याचेही केस पांढरे झालेत.

चहा पिताना म्हणाला, "बाई, तुम्ही मला झोपतो म्हणून वर्गाबाहेर उभं करायचात."

मला आठवत होतं. "मग झोपायचास कशाला रे?"

"रात्री कांड्या भरायला जायचो ना. वडील मागावर, मी कांडीवर."

मी गप्पच झाले. वर्षभर त्याला शिक्षा केली, पण झोप का येते ते एकदाही विचारलं नाही. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तुमच्या त्या कारखान्यात पंखा तरी होता का रे?"

तो हसला. "पंखा? वाऱ्याने सूत हलतं, तुटतं बाई. शेठ खिडकीसुद्धा उघडू द्यायचा नाही. वर पत्रा, आत पन्नास माणसांचा घाम आणि नाकातोंडात कापूस. वडील खोकून खोकूनच गेले." मग जरा थांबून म्हणाला, "तुम्ही बाहेर उभं करायचात ते बरंच वाटायचं. तिथे वारा यायचा."

त्या रात्री खोली छान गार झाली होती, पण मला झोप लागेना. उठले, कॉम्प्युटर सुरू केला आणि खोक्यावरच्या त्या नावाचाच शोध घेत बसले. जुनी खोड, दुसरं काय!

तर मंडळी, व्होल्टास हे नाव दोन नावांच्या जोडातून झालं आहे. 'व्होल' म्हणजे फोल्कार्ट आणि 'टास' म्हणजे टाटा सन्स. सालोमन आणि योहान गेऑर्ग हे दोन फोल्कार्ट बंधू स्वित्झर्लंडचे. १८५१ साली त्यांनी विंटरथूर आणि मुंबई अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी पेढी काढली. सालोमन तिकडे राहिला, योहान गेऑर्ग मुंबईत. इथून माल न्यायचा, तिकडचा माल इथे आणायचा. नेण्याच्या मालात मोठा होता तो कापूस! आपल्या वऱ्हाडातल्या खामगावसारख्या बाजारांतूनही त्यांची खरेदी चाले.

दुसरे टाटा. जमशेटजींनी नागपूरला एम्प्रेस मिल काढली ती १ जानेवारी १८७७ रोजी. नागपूरची हवा कोरडी, आणि कोरड्या हवेत कापसाचं सूत कडक होऊन तुटतं. हवेत ओल असली की तेच सूत बळकट होतं. म्हणून जमशेटजींनी गिरणीत हवा दमट करणारी यंत्रं आणवली. हे आपल्याकडे तेव्हा नवलाचंच होतं.

म्हणजे दोन्ही घराणी कापसातली. त्यांनी मिळून १९५४ साली व्होल्टास काढली आणि ती हवेच्या यंत्रांसाठी प्रसिद्ध झाली. पुढे ठाण्याला पोखरण रस्त्यावर तिचा कारखाना उभा राहिला. भिवंडीहून फारसा लांब नाही तो.

आणि 'एअर कंडिशनिंग' हा शब्द कुठून आला असेल? तोही सूतगिरणीतूनच. १९०६ साली अमेरिकेत स्टुअर्ट क्रेमर नावाच्या गिरण्यांच्या इंजिनिअरने तो वापरला, गिरणीतल्या हवेची ओल राखण्याच्या कामासाठी. त्याच्या आधी, १९०२ साली, विलिस कॅरिअरने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आपली पहिली योजना केली ती एका छापखान्यासाठी. दमट हवेने कागद फुगे आणि रंग जागचे हलत. माणसांना गार वाटलं, तो वरचा फायदा.

वाचता वाचता मी थांबले. आधी सुताला हवा मिळाली, मग कागदाला, मग सिनेमागृहांना आणि ऑफिसांना. आता माझ्यासारख्या म्हातारीलासुद्धा मिळाली. ज्याच्या हातून सूत जातं, त्या माणसाची पाळी मात्र आलेलीच नाही.

मला वाटायचं, शेठचं म्हणणं खरंच असेल, हवा आली की सूत तुटत असेल. पण मोठ्या गिरण्यांत पाण्यातून धुतलेली ओलसर हवा वरून सोडतात आणि उडणाऱ्या तंतूंसकट ती खालून ओढून घेतात. सूतही शाबूत आणि छातीही. कापसाच्या धुळीने छाती भरून येण्याच्या रोगाला बिसिनोसिस असं नाव आहे. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेलं की छाती आवळल्यासारखी होते. तेव्हा सूत आणि माणूस यांचं वैर नाहीच. चार-सहा मागांच्या शेडला एवढी यंत्रणा परवडत नाही, हे मान्य. पण गरम हवा आपणहून वर जाते. तिला छपरातून बाहेर वाट करून दिली तर मागावरचा धागाही हलायचा नाही. तेवढं तर करता येईल ना?

पण शेठला नावं ठेवून मी मोकळी कशी होऊ? त्याने सूत तुटू नये म्हणून खिडकी बंद ठेवली. माझा पाठ तुटू नये म्हणून मी पोराला दाराबाहेर काढलं. तो काय श्वास घेऊन शाळेत येतो, हे दोघांनीही पाहिलं नाही.

त्या दिवशी मशीन सुरू झाल्यावर मी त्याला म्हटलं, "बस जरा, गार होऊ दे." म्हणाला, "नको बाई, अजून तीन ठिकाणी जायचंय." हत्यारांची पिशवी खांद्याला लावून जिना उतरला आणि भर उन्हात चालू लागला.

असो. सहा महिन्यांनी साफसफाईला येणार आहे. तेव्हा मात्र त्याला उभं ठेवायचं नाही, असं ठरवलंय.