चौकाला नाव आकाशवाणीचं

धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत जळगावात शिरलात की महामार्गावर 'आकाशवाणी चौक' लागतो. चक्क रेडिओचं नाव!

मुंबईत २३ जुलै १९२७ ला नियमित प्रसारण सुरू झालं. खानदेशला मात्र स्वतःच्या केंद्रासाठी १९७६ पर्यंत थांबावं लागलं. तोवर दूरची केंद्रं ऐकायची. गंमत बघा, मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत जातात आणि काही अंतरावर क्षीण होतात. रात्री त्याच लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून लांबवर पोचतात. म्हणजे दुपारी नुसती खरखर अन् रात्री गाणं! आणि आवाज आलाच, तरी यावल-रावेरच्या केळीबद्दल मुंबईहून कोण बोलणार?

जळगाव केंद्रावरून शेतीच्या गप्पा आल्या, अहिराणी गाणी आली. वर्गात कुणी "कथा चालना भाऊ?" म्हटलं, की बाकीची पोरं खिदळतात, हे मी नेहमी बघते. तीच बोली रेडिओत! माझ्या मते केंद्राचं सगळ्यात मोठं काम हेच. पुढे धुळ्यालाही आकाशवाणी आली.

तुमच्या आजीला विचारा बरं, जळगाव केंद्र ती कुणाच्या ओट्यावर बसून ऐकायची?