परत येणारा आवाज

संवाद म्हणजे बोलणे, असा आपला एक सोयीस्कर समज असतो. साहित्याच्या वर्गात ‘संप्रेषण’ हा शब्द आपण इतक्यांदा उच्चारतो की, त्यामागे काही भौतिक व्यवहारही असतो याचे भान उरत नाही. मला ते भान आले ते समीक्षाग्रंथांतून नव्हे, तर जीपच्या टपावर बसवलेल्या वीतभर-दोन वीत लांबीच्या एका पोलादी सळईमुळे.

हौशी रेडिओचा परवाना केंद्र सरकारची परीक्षा दिल्यावर मिळतो. वाहनातील संचासाठी बहुधा 144 ते 146 मेगाहर्ट्झ हा पट्टा वापरतात. 145 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 2.07 मीटर, तिचा चतुर्थांश जवळजवळ 52 सेंटिमीटर. प्रत्यक्षात सळई याहून थोडी आखूड, 49-50 सेंटिमीटरच्या आसपास लागते. नेमकी किती, हे वहीतले गणित सांगत नाही. ते त्या वाहनालाच विचारावे लागते. कारण सळई हा अँटेनाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा म्हणजे तिच्याखालचा लोखंडी टप. पायाखाली आपली भूमी नसेल तर उच्चार दूर जात नाही, हे देशीवादाच्या चर्चेत आपण रूपकाने म्हणतो. इथे ते अक्षरशः खरे आहे.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या शेडांच्या आणि विजेच्या तारांच्या गर्दीत हे काम होत नाही. त्यासाठी मी गाडी अंबडच्या बाजूला मोकळ्या रानात नेतो. संच आणि अँटेना यांच्यामध्ये एसडब्ल्यूआर मीटर जोडायचा, दारे लावून घ्यायची, जवळ कुणाला उभे राहू द्यायचे नाही. माणसाच्या नुसत्या सान्निध्यानेही काटा हलतो. मीटर सांगतो तो आपला आवाज किती गेला हे नव्हे, तर किती परत आला हे. प्रमाण दोनास एक असेल तर सुमारे 11 टक्के शक्ती परावर्तित होते, तिनास एक असेल तर 25 टक्के. न स्वीकारला गेलेला हा उच्चार उलट फिरून संचालाच तापवतो. पट्ट्याच्या खालच्या टोकाला आकडा कमी आणि वरच्या टोकाला जास्त आला, तर सळई लांब आहे असे समजावे. मग ती दोन-तीन मिलिमीटरने कापायची आणि पुन्हा मोजायचे. घाई चालत नाही. कापलेली सळई पुन्हा वाढत नाही.

‘खिशात मोबाइल असताना ही उठाठेव कशासाठी?’ असे माझे सहकारी विचारतात. प्रश्न रास्त आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा माझी मावशी औसा तालुक्यात राहत होती. तीन दिवस आमच्या घरी कसलीही खबर नव्हती. आई चुलीपाशी बसून राही आणि रस्त्यावर सायकलची घंटी वाजली की उठे. चौथ्या दिवशी मावशीचा दीर स्वतःच चालत दारात आला. त्याने काही सांगण्याआधीच आईला कळले. मृत्यूचे दुःख काळाने निवळले. त्या तीन दिवसांचे मौन मात्र निवळले नाही. पुढे 2001 साली भूजला आणि 2004 च्या त्सुनामीत अंदमानला हौशी रेडिओचालकांनी निरोप पोचवल्याचे वाचले, तेव्हा त्या मौनाला काही उत्तर असू शकते, असे प्रथमच वाटले.

परंतु या छंदाचा पहिला नियम बोलण्याचा नाहीच. बटण दाबण्यापूर्वी ऐकावे, वाहिनी मोकळी आहे याची खात्री करावी, मगच आपले संकेतनाम उच्चारावे. याच जिल्ह्यातल्या जांबेत जन्मलेल्या समर्थांनी ‘दासबोधा’त नवविधा भक्तीची सुरुवात श्रवणापासून केली आहे. परंपरेचा तो क्रम मी अनेक वर्षे वर्गात शिकवला; त्याची निकड मात्र रानात, कानाला स्पीकर लावून बसल्यावर उमगली.

आज वर्गात शिकवताना समोरच्या चेहऱ्यांवरून माझे शब्द परतताना दिसतात, तेव्हा मी आवाज चढवत नाही. शक्ती वाढवली की परावर्तनही वाढते. मी वाक्य थोडे आखूड करतो, आणि थांबतो. दूर कुठेतरी कुणी ऐकत असेल, तर त्याच्यापर्यंत पोचण्याइतपत तरी आपली लांबी बरोबर असावी.